वजन नसलेली ताटं

आठवडा विकत घेता येतो, हे मला हैदराबादला जाईपर्यंत माहीत नव्हतं. शेत विकत घेतात, घर घेतात, माणसाची मेहनत घेतात, हे मी लहानपणापासून वाचत आले. आमच्या नांदेडच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. वडील गिरणीच्या युनियनचे. माझी अक्षरओळख झाली तीच ‘कामगार बंधूंनो’ या दोन शब्दांवर. पण वर्षातला एक आठवडा तोडून तो माणसाला तहहयात विकायचा, ही कल्पना त्या पत्रकांच्या लेखकांना कधी सुचली नव्हती. ती नव्या बाजाराला सुचली.

आमचे दिगंबरमामा अशा एका आठवड्याचे मालक आहेत. शहराबाहेर तळ्याकाठी एक रिसॉर्ट आहे, तिथे दरवर्षी हिवाळ्यातला तो आठवडा त्यांचा. यंदा ते मामीला आणि मला घेऊन गेले. जे पाहिलं ते, तिथे न गेलेल्यांसाठी लिहीत आहे. गेलेल्यांना सांगून उपयोग नाही, हे मी तिथेच शिकले.

मलकपेठ

मामांचं घर मलकपेठेत, रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत. सकाळी घोडे फिरवायला नेतात, त्यांच्या टापांनी जाग येते. मामांचे आजोबा निजामाच्या काळात उदगीरकडची शेती भावांवर सोडून इकडे आले आणि भांड्यांच्या व्यापारात पडले. तेव्हापासून हे घर हैदराबादी. मामी अंबाडीची भाजी करते, पण आमच्यासारखे कण्या आणि शेंगदाणे घालून नव्हे. लाल मिरची आणि लसणाची फोडणी देऊन, दात आंबतील इतकी आंबट. सोबत भाकरी आणि वर विचारणं, “अगे, तिखट झालं का? नक्को असेल तर दही घे.”

या घरात जेवताना वाचायला पुष्कळ असतं. वाटीवर नाव, पेल्यावर नाव, परातीवर नाव. आपल्या लोकांची ही जुनी सवय आहे. भांडं द्यायचं तर त्यावर कुणी, कुणाला आणि कशाप्रीत्यर्थ दिलं ते कोरल्याशिवाय द्यायचं नाही. मामीच्या ताटाच्या कडेवर तिच्या लग्नाची हकिगत आहे, ताट देणाऱ्या तिच्या काकांच्या नावासकट.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मामी तेच ताट आणि आणखी दोन ताटं साड्यांच्या घड्यांत गुंडाळून बॅगेत भरत होती. मामांनी पाहिलं.

“हे काय?”

“मागच्या साली त्या मेल्या थर्माकोलात जेवले मी. या साली माझं ताट मी नेणार.”

“अगे, ते तात्पुरतं होतं. जुनी ताटं झिजली, नवी घेणारच आहेत ते. त्याचीच तर बात करायला चाललो मी. भांडीवाल्याची बायको घरून ताटं घेऊन आली, हे शोभतं का?”

“लोकांचं मला नक्को सांगू,” मामी म्हणाली आणि बॅगेची चेन ओढली.

अफझलगंज

मामांचं दुकान अफझलगंजात, मुसी नदीच्या पुलापासून जवळच. दारात पितळी काटा टांगलेला. इथे सगळं वजनावर विकतात. गिऱ्हाईक ताट बोटांनी वाजवून पाहतं, मग ते काट्यावर चढतं. मामा म्हणतात, भांडं कानानं घ्यावं आणि काट्यानं द्यावं.

दाराशेजारच्या कोपऱ्यात युसूफचाचा बसतात. भांड्यांवर नावं कोरणं हे त्यांचं काम. पूर्वी छिन्नी आणि हातोडी होती, आता विजेची सुई आहे, टर्रर्र आवाज करणारी. त्यांना मराठी वाचता येत नाही. चिठ्ठीवरचं अक्षर बघून ते जसंच्या तसं उतरवतात, आणि आमच्या सबंध गोताच्या लग्नमुंजी त्यांच्या हातून गेल्या आहेत. भिंतीवर नमुन्याचं एक ताट खिळ्याला लटकलेलं होतं. त्यावर हंस आणि खाली इंग्रजी अक्षरांत रिसॉर्टचं नाव.

त्या ताटाची कथा मामांनी सांगितली. रिसॉर्ट नवं होतं तेव्हा तिथली सगळी ताटं, वाट्या आणि पेले या दुकानातून गेले. प्रत्येक ताटावर चाचांनी हंस कोरला. कंपनीनं बिलाचा काही भाग रोख न देता त्याबदल्यात मामांना आठवडा दिला. म्हणजे मामांनी ताटं दिली आणि वेळ घेतला.

आता लग्नघरं भांडी विकत घेत नाहीत, केटररच सगळं आणतात. नाव घालायला दिवसात एखादं गिऱ्हाईक येतं. मामांचा मुलगा सुधीर बी.कॉम. आहे, कमरेला पेजर लावतो आणि मला चिडवल्याशिवाय त्याचा दिवस जात नाही.

“काय कॉम्रेड, क्रांती कुठवर आली?”

“तुझ्या दुकानाच्या पायरीपर्यंत.”

“मग आत नको आणू, जागा नाही.” मग वडिलांकडे वळून म्हणाला, “बाबा, खरंच जागा नाही. हा कोपरा मोकळा झाला तर मला माल ठेवता येईल. चाचांना घरी बसू द्या आता. किती दिवस सुई धरायची?”

चाचा समोरच बसले होते. त्यांनी एका पेल्यावरची धूळ फुंकली.

मामांनी दारातला काटा सारखा केला. मग म्हणाले, “रिसॉर्टची नवी ऑर्डर आणतो मी. ती आली तर हा कोपरा चाचांचा. नाही आली तर तू म्हणतोस तसं.”

“कबूल,” सुधीर म्हणाला. इतक्या लवकर म्हणाला की मामांना त्याचं कौतुकच वाटलं.

आम्ही निघताना चाचांनी भिंतीवरच्या ताटाकडे हात केला. “सेठ, इस बार हंस के पर जरा बड़े कर दूँ? पिछली बार छोटे रह गए थे.”

“हौ, करा ना,” मामा म्हणाले.

तळ्याकाठी

हैदराबादच्या बाहेर पडलं की खडक लागतात. एकावर एक रचून ठेवल्यासारखे, हत्तीएवढे, आता पडतील असे वाटणारे आणि न पडणारे. त्या खडकांच्या मधे सुरुंग लावून सपाट केलेल्या जागेवर हे रिसॉर्ट. फाटकावर दगडी हंस. त्याची चोच मोडलेली होती आणि कुणीतरी सिमेंटनं नवी बसवली होती, ती कावळ्याची दिसत होती.

मामी सांगत होती की पहिल्या वर्षी इथे आल्याबरोबर शहाळं दिलं होतं. आम्हाला नारिंगी पावडरीचं पाणी मिळालं, इतक्या पातळ प्लास्टिकच्या पेल्यात की धरला की आत दबून पाणी बोटांवर येई. खोली मोठी होती. भिंतीवर जिथे चित्र होतं तिथे चित्राच्या आकाराची स्वच्छ जागा होती. स्वयंपाकाच्या ओट्यावर शेगडी नव्हती, नुसती नळी. टॉवेल मागितला तर अनामत ठेवा म्हणाले. पोहण्याच्या तलावात गुडघाभर हिरवं पाणी आणि त्यात एक खुर्ची, उलटी.

“मागच्या साली ही खुर्ची नव्हती,” मामी म्हणाली. “काहीतरी वाढलं म्हणायचं.”

वर्षाची देखभाल फी मात्र कमी झाली नव्हती. ती वाढते, असं शेजारच्या कॉटेजमधल्या एका निवृत्त इंजिनियरांनी सांगितलं. ते शांतपणे सांगत होते, जसं आपण हवेबद्दल बोलतो.

जेवणाच्या हॉलमध्ये झुंबर होतं, त्यातले थोडेच दिवे लागत. खाली लांब टेबल आणि टेबलावर पांढऱ्या थर्माकोलच्या ताटांची चळत. मामांनी एक उचललं. सवयीनं बोटानं टिचकी मारली. आवाज आला नाही. त्यांनी ते तळहातावर ठेवून खालीवर केलं, काट्यावर ठेवल्यासारखं. मग रांगेत उभे राहिले.

भात, बगारा बैंगन, कढत खट्टी दाल. मामा ताट घेऊन वळले आणि ताट मधोमध वाकलं. स्टीलचं ताट एका हातानं धरायची चाळीस वर्षांची सवय. याला दोन्ही हात लागतात. डाळ त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावरून पायजम्यावर उतरली. आसपासच्या टेबलांवरचे लोक आधी बघत राहिले, मग बघितलं नाही असं करू लागले. मामी धावत गेली. ती पुसत असताना मामा एकच म्हणाले, “भाजलं नाही ग.”

रात्री मामीनं खोलीत आपली ताटं काढली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघं हॉलमधून जेवण वाढून आणायचो आणि खोलीत बसून स्टीलच्या ताटात जेवायचो. मग मामी मोरीत बसून ताटं घासायची. वर्षातला हा एक आठवडा मामांनी तिच्यासाठी घेतला होता, हात ओले न करण्यासाठी. मी घासते म्हटलं तर म्हणाली, “तू पत्रक लिही. हे मला येतं.”

मी पत्रक लिहिलं. खोटं कशाला बोलू, सुरेख लिहिलं. सभासद बंधूभगिनींनो, आपण ज्याचे पैसे भरतो ते आपल्याला मिळत नाही, उद्या संध्याकाळी सगळे मिळून मॅनेजरकडे जाऊ. कॉटेज ते कॉटेज फिरले. एका बाईंनी वाचून परत दिलं, म्हणाल्या, “आम्ही भांडणं विसरायला येतो इथे.” इंजिनियर म्हणाले, “तुझं म्हणणं बरोबर आहे,” आणि सही केली नाही. एका तरुण जोडप्यातला नवरा मात्र मोकळेपणानं बोलला.

“थर्माकोल बरं आहे हो. स्टीलमध्ये आधी कोण जेवलं, कुणी धुतलं, काय माहीत? हे कसं, आपण पहिले आणि आपणच शेवटचे.”

मी तिथेच उभी राहिले. माझ्या आजोळी सोवळ्याची वेगळी भांडी असत, त्यावर आईनं आणि मामांनी घरात भांडून ती बंद करवली होती. ते सोवळं इथे मागच्या दारानं आत आलं होतं, नवा पोशाख घालून, हायजीन नाव लावून. ज्या हातानं ताट धुतलं तो हात दिसायला नको, म्हणून ताटच फेकून द्यायचं. हातही फेकून द्यायचा.

खडकांच्या मागे

तो हात मला पत्रक फिरवल्याच्या दुसऱ्या सकाळी भेटला. मामा आणि मी फिरत फिरत कुंपणाच्या मागे गेलो. खडकांच्या बेचक्यात पांढरा ढीग होता. ताटं, पेले, चमचे. वारा आला की ताटं उडून बाभळीच्या काट्यांत अडकत. लांबून बगळे बसल्यासारखं दिसे. एक शेळी थर्माकोलचा तुकडा चघळत होती, त्याला डाळीचा वास असणार. आमच्याकडे पंगत उठली की पत्रावळी उकिरड्यावर जातात, शेळ्या पानं खातात, उरलेलं शेतात कुजतं. ही शेळी बराच वेळ चघळत राहिली आणि तिचं काही संपेना.

एक बाई काठीनं ढीग पेटवत होती. मामांना पाहून तिनं पदर सारखा केला आणि तेलुगूत बोलू लागली, मामा मला मराठीत सांगत गेले. तिचं नाव यादम्मा. आधी ती आणि तिची जाऊ इथे भांडी धुवायच्या, मामांना ओळखत होती. थर्माकोल आलं तशी जाऊ बांधकामावर गेली, हिला रोजंदारीवर जाळायला ठेवलं. काळा धूर आमच्यावरून तळ्याकडे गेला.

“काय विचारते?” मी म्हटलं, कारण तिनं एक प्रश्न दोनदा विचारला होता.

“ताटं परत येणार का, विचारते,” मामा म्हणाले.

“मग?”

“आज बोलतो, म्हटलं.”

मॅनेजर नवा होता, टाय लावलेला, मामांपेक्षा पुष्कळ लहान. हिंदीत बोलला, अदबीनं बोलला. मामांनी पिशवीतून भिंतीवरचं ते नमुन्याचं ताट काढलं. येताना खिळ्यावरून उतरवून आणलं होतं, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी ते टेबलावर ठेवलं, टिचकी मारली. खणखणीत आवाज आला.

“ही इथली पहिली ताटं. आम्हीच दिली होती. आता हंसाचे पंख मोठे करू म्हणतो आमचा कारागीर.”

मॅनेजरनं ताट बोटानं थोडं दूर सरकवलं. धुणारी माणसं नकोत, साबण नको, पाणी नको, मोजणी नको, असं त्यानं समजावून सांगितलं. मग माझ्याकडे बघून हसला. “आणि मॅडम, तुमच्या लग्नांतही पानावर जेवतात ना? तेही फेकूनच देता.”

“आमची पत्रावळ शेळी खाते,” मी म्हटलं. “तुमची पत्रावळ शेळीला खाते. मागे जाऊन बघा.”

त्याला विनोद वाटला. मामा उठले आणि ताट पिशवीत घातलं. बाहेर आल्यावर म्हणाले, “सामान भर. जाऊ या आपण.”

“अजून निम्मा आठवडा आहे,” मामी म्हणाली.

“राहू दे त्यांनाच.”

फाटक

फाटकावर वॉचमननं मामीची बॅग उघडायला लावली. साड्यांतून ताट निघालं, मग दुसरं, मग तिसरं. तो दखनीत म्हणाला, “अम्मा, ये थाल्यां अंदर के हैं.”

“माझी आहेत. नाव बघ,” मामी म्हणाली आणि कड त्याच्यापुढे धरली. त्याला मराठी येत नव्हतं. दुसऱ्या वॉचमनलाही येत नव्हतं. मामीच्या लग्नाचा पुरावा तिच्या हातात होता आणि फाटकावर तो वाचणारं कुणी नव्हतं. मग तिनं मामांच्या पिशवीतलं हंसाचं ताट बाहेर काढून दाखवलं, की बाबा, तुमचं असं असतं, आमचं तसं. त्यानं प्रकरण आणखीच बिघडलं. हंसाचं एक ताट तर आमच्याकडे निघालंच.

मॅनेजर आला. त्यानं माफी मागितली, खरी मागितली. “काय आहे साहेब, जुनी ताटं सगळी मोडीत काढली. उचलून नेताना दोन पोती कुठे गेली कळलं नाही. तेव्हापासून स्टील दिसलं की अडवायला सांगितलंय.”

“मोडीत कुणी घेतली?” मामांनी विचारलं.

“जो थर्माकोल देतो त्यानंच. तुमच्या अफझलगंजातलाच आहे. तरुण पोरगा आहे, फार हुशार. पेजर केला की संध्याकाळी माल हजर.” मग आठवून म्हणाला, “बोलतोही तुमच्यासारखाच.”

मामीचा हात बॅगेच्या चेनवर थांबला. मामांनी ताटं आपल्या हातानं एकेक करून साड्यांत परत गुंडाळली. वाटेत इराणी हॉटेलपाशी रिक्षा थांबवून मामांनी चहा मागवला, बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

पुन्हा अफझलगंज

पोती दुकानाच्या मागच्या खोलीत होती. वर गोणपाट टाकलेलं. मामांनी ते ओढलं. हंस, हंस, हंस. काही ताटांना पोचे होते. बहुतेक चांगली होती.

सुधीर दारात उभा राहिला. मला वाटलं होतं तो खाली बघेल. त्यानं बघितलं नाही.

“सांगणार होतो.”

“कधी?”

“बाबा, त्यांचा फोन आला तेव्हा तुम्ही बाजारात होता. त्यांनी स्टील मागितलंच नाही, थर्माकोल आहे का विचारलं. नाही म्हटलं असतं तर पलीकडच्या गल्लीतल्यानं दिला असता. मी वेगळ्या नावानं फर्म काढली, तुमच्या पाटीला लाज नको म्हणून. दुकानाचं लाईटबिल कशातून भरलं जातंय, विचारलंत कधी?”

“आणि मला तिकडे ऑर्डर आणायला जाऊ दिलंस,” मामा म्हणाले.

सुधीर माझ्यावर घसरला. “काय बघतेस कॉम्रेड? तुमच्या मेळाव्यात चहा कशातून देतात?”

“प्लास्टिकच्या पेल्यातून,” मी म्हटलं.

“झालं तर मग.”

झालं नव्हतं. माझ्या सगळ्या पत्रकांत शत्रू समोर उभा असतो, परका असतो, त्याला आपल्या हातची भाकरी ठाऊक नसते. हा तर मामीच्या हातचं जेवून वाढलेला, मला दिवाळीला पेढे आणणारा. त्याचं प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि सगळी मिळून यादम्माच्या काळ्या धुरापाशी जात होती.

मामा एक पोतं फरफटत पुढे घेऊन आले. सुधीर हात लावायला गेला, त्यांनी लावू दिला नाही. पोतं त्यांनी काट्याखाली नाही, युसूफचाचांच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं.

चाचांनी वरचं ताट उचललं. उलटसुलट करून पाहिलं. आपला हात त्यांनी ओळखला.

“वापस आ गए?”

“हौ.” मामा खाली बसले, चाचांच्या शेजारी, फरशीवर. “ऑर्डर आली, चाचा. हंस असलेलं ताट दुकानात विकता येत नाही. पण नाव काटलं तर खानावळीवाले नेतील. प्रत्येक ताटावरचं काटायचं.”

“मिटाना है?”

“मिटत नाही ना. रेघ मारायची वरून.”

चाचांनी चष्मा पुसला. सुधीर म्हणाला, “बाबा, हे दोन दिवसांत होईल. मी एक पोरगा लावतो, ग्राइंडरनं...”

“कोपऱ्याचा सौदा काय झाला होता?” मामांनी त्याला विचारलं. “ऑर्डर आली तर कोपरा त्यांचा. पोती रिकामी होत नाहीत तोवर ऑर्डर चालू आहे. सुई त्यांची, हात त्यांचा. तुझा माल तोवर मागे ठेव.”

सुधीरनं मागच्या खोलीत पाहिलं, उरलेली पोती मनातल्या मनात मोजली असावीत. त्याच्या हिशेबात ती फार नव्हती.

चाचांनी सुई चालू केली. पहिली रेघ हंसाच्या मानेवरून गेली. त्यांनी ताट डोळ्यांजवळ नेलं, मग त्या रेघेशेजारी, गरज नसताना, आणखी एक बारीक समांतर रेघ ओढली, आणि मग तिसरी. ते ताट मामांनी मला दिलं. मी नांदेडला त्यातच जेवते. वडिलांनी पहिल्या दिवशी कुठून चोरलंस म्हणून विचारलं होतं.

संध्याकाळच्या गाडीसाठी मी निघाले तेव्हा चाचांच्या उजव्या हाताला तीनच ताटं झाली होती. एवढं सावकाश काम त्यांनी आयुष्यात कधी केलं नसेल. मामा काट्याशी बसून होते, आणि त्यांना घाई करत नव्हते.